तेवीसपर्यंत मोजणारी मावशी

इमारतीत अशी वदंता होती की तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीची नजर वाईट आहे. साधी वाईट नव्हे, शास्त्रोक्त वाईट. बाईकडे एकदा पाहिलं की तिला म्हणे कळतं, हिला मूल होणार की नाही. तळमजल्यावरच्या दुकानवाल्या काकू ही बातमी देताना आधी काट्यावरचा हात काढत, मग आवाज पोटात नेत आणि भुवया केसांपर्यंत. "अहो, चौथ्यावरच्या नव्या सुनेला जिन्यात गाठलं आणि तोंडावर सांगितलं, नाही होणार. पोरगी दोन दिवस जेवली नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. झालं होतं ते इतकंच. लिफ्ट बंद होती. नवी सून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत वर येत होती, मावशी खाली उतरत होती. सुनेने लिफ्टच्या दाराकडे मान उडवून विचारलं, "या आठवड्यात होईल का हो?" मावशी म्हणाली, "नाही होणार. मोटर जळलीये." दुसऱ्या मजल्यावर एका दाराआड कोणीतरी 'नाही होणार' इथपर्यंत ऐकलं आणि मोटरपर्यंत थांबलंच नाही. हाताला बातमी लागल्यावर थांबतं कोण? आणि सून दोन दिवस जेवली नाही ती पोट बिघडलं म्हणून.

तेव्हापासून मावशी जिन्यात दिसली की तरुण बायका पर्स पोटाशी धरून भिंतीकडे सरकत. मावशीला याचं कारण ठाऊक होतं. ती म्हणे, "बरंच आहे. कठड्याची बाजू मला मिळते."

ती हॉस्पिटलात कामाला होती, एवढा भाग खरा. पण पंचवीस वर्षांत तिने कामाच्या वेळी एकाही बाईकडे पाहिलं नव्हतं. तिची खोली मागच्या इमारतीत, धुलाईखात्याच्या वर. खाली चादरी उकळायच्या आणि वर मावशी मोजत बसायची. ज्यांना मूल होत नाही अशी जोडपी पुढच्या इमारतीत येत. तिथे बाईची बीजं काढून काचेच्या वाटीत ठेवत, नवऱ्याचे शुक्राणू त्यात सोडत, आणि मग सगळे वाट बघत. काही बीजं फळत, काही नुसती बसून राहत. ही बसून राहिलेली बीजं, जोडप्याने लेखी परवानगी दिली असेल तर, मावशीकडे येत. डबीवर नाव नाही, नुसता नंबर. सोबतच्या कागदावर वय आणि कितवा प्रयत्न. बस्स.

बीज म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल असा ठिपका. मावशी तो स्लाइडवर ठेवी, काचेच्या खालच्या अंगाला हिऱ्याच्या टोकाच्या पेनने त्याच्याभोवती गोल ओरखडा काढी आणि वरून व्हिनेगरसारख्या वासाच्या औषधाचा बारीक थेंब सोडी. बीज फुटे, आतली गुणसूत्रं पसरत. मग सुकवायची, रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली मोजायची. कपडे वाळत घालायचे चिमटे कुणी मूठभर जमिनीवर टाकावेत तशी ती दिसतात. हवीत तेवीस. तेवीस असली तर बीज आपल्या बाजूने तयार होतं, गडबड दुसरीकडे कुठेतरी. बावीस किंवा चोवीस निघाली तर गडबड बीजातच. असं बीज बहुतेक फळत नाही, आणि फळलंच तर पुढे टिकत नाही.

"मी भविष्य सांगत नाही," मावशी म्हणे. "जे झालं नाही ते का झालं नाही, एवढंच मोजते. तेही तेवीसपर्यंत. पहिलीतली पोरं माझ्या पुढे जातील."

पण हा मोजण्याचा रोग तिच्या हाडीमासी खिळला होता. जिन्याच्या पायऱ्या चोपन्न, हे ती रोज चढताना नव्याने मोजून खात्री करून घेई, तीही मोठ्याने. वाटाणे सोलताना शेंगेत सहा निघाले तर "बरं," आणि पाच निघाले की शेंग उलटी करून आत बघे. बसमध्ये चढताना माणसं मोजी. घरी पाहुणे आले की आधी चपला मोजी, मग कप काढी.

तिच्याकडे कॉलेजसाठी राहायला आली होती तिच्या बहिणीची मुलगी. या भाचीला दुसरा रोग. जे कानावर पडेल ते ती जसंच्या तसं परत करायची. दुकानवाल्या काकूंचा पोटातला आवाज, बस सुटताना कंडक्टरच्या घशात अडकणारं वाक्य, हॉस्पिटलात मावशीला डबा द्यायला गेली की कानावर पडणारी धुलाईयंत्राची शेवटची उचकी, काही म्हणजे काही सोडायची नाही. मावशीचं जेवण तिच्यापायी रोज थंड व्हायचं. ती हसत नसे असं नाही. आधी "पुरे गं" म्हणे आणि मग हसे.

भाचीचा लाडका बळी म्हणजे मावशीच्या खात्याचे मोठे डॉक्टर. दर वाक्याला त्यांची सुरुवात "मुद्दा असा आहे की" अशी व्हायची, आणि मुद्दा काही यायचा नाही. भाचीने त्यांचं नाव ठेवलं होतं मुद्देसाहेब. ती चष्मा कपाळावर सरकवून, बोटं जुळवून सुरू व्हायची, "ताई, मुद्दा असा आहे की, म्हणजे बघा, मुद्दा म्हणजे," आणि भाजीत चमचा तसाच राहायचा.

त्या वर्षी ऐन थंडीत मावशीला ताप भरला. सर्दीही जोरात. तिच्या खोलीत शिंकणाऱ्या माणसाला प्रवेश नाही, कारण एका शिंकेत आठवड्याचं काम भिंतीवर जातं. पाच दिवस ती घरी पडून राहिली. तिच्या जागी तात्पुरते आले रक्तखात्यातले काका. पंचावन्नचे, अठरा वर्षं रक्तातलीच गुणसूत्रं मोजलेले, कामाला वाघ. रजेचा अर्ज घेऊन भाची गेली तेव्हा कारकून जागेवर नव्हता, म्हणून काचेच्या दाराबाहेर स्टुलावर ती तासभर बसली. आत काकांची पाठ दिसत होती. दार अर्धवट उघडं होतं. तिला तेवढं पुरे होतं.

मंगळवारी मावशी कामावर परतली. टेबलावर एकच कागद तिची वाट बघत होता. सतरा नंबर. वय छत्तीस. दुसरा प्रयत्न. सहा बीजं, एकही फळलेलं नाही. काकांच्या टपोऱ्या अक्षरात मोजणी: बावीस, एकवीस, तेवीस, वीस, बावीस, बावीस. खाली शेरा: सहापैकी पाच सदोष. मावशीची सही तेवढी बाकी.

मुद्देसाहेब दारातच भेटले. "बरं वाटतंय ना ताई? मुद्दा असा आहे की गुरुवारी अकराला सतरा नंबरची दोघं येणार आहेत. म्हणजे बघा, आता मुद्दा म्हणजे त्यांना काहीतरी..."

मावशीने मुद्दा स्वतःच उचलला. "की बीजातच दम नाही. पुढचा प्रयत्न करू नका, नाहीतर दुसऱ्या बाईचं बीज घ्या."

"तुम्ही सही केलीत तर. तसं सांगणं भाग आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्या वाक्यात मुद्दा हा शब्द आला नाही.

मावशीने सही केली नाही. सहाही स्लाइड काढून गोलातली मोजणी पुन्हा केली. बावीस. एकवीस. तेवीस. काकांची मोजणी चोख होती. पण काहीतरी खटकत होतं, दातात धागा अडकावा तसं. पिशवीतून खाऊ वाटताना चूक झाली तर एकाच्या हातात एक कमी पडतो आणि दुसऱ्याच्या हातात एक जास्त. बीजांचंही तसंच. पंचवीस वर्षांत तिने बावीसवाली पाहिली होती तशी चोवीसवालीही पाहिली होती. इथे चुकलेली सगळी कमीच्याच बाजूला. निसर्ग असा एकाच बाजूला चुकत नाही. एकाच बाजूला चुकतो तो माणूस.

पण कोणता माणूस, आणि काय चुकला? मोजणी तर बरोबर होती. संशय कागदावर लिहिता येत नाही. गुरुवारी अकराला एक छत्तीस वर्षांची बाई खुर्चीवर बसणार आणि हा कागद तिला वाचून दाखवला जाणार. मावशी चोपन्न पायऱ्या चढून घरी आली आणि त्या दिवशी तिने त्या मोजल्या नाहीत. भाचीच्या कानाने ते लगेच टिपलं.

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. जेव."

मावशीला हसवायचं म्हणून भाचीने ठेवणीतला माल काढला. रक्तवाले काका. ती खुर्ची उलटी फिरवून पाठमोरी बसली, मान खांद्यात घातली आणि स्लाइडवरच्या बीजाशी बोलणाऱ्या काकांच्या आवाजात सुरू झाली. "हं, या, या बाईसाहेब, बसा इथे. हललात तर याद राखा." मग जिभेने टाळ्यावर एक आवाज, 'टप्'. मग ओठ गोल करून लांबलचक 'फूऽऽ', गरम चहावर घालतात तशी. मग समाधानाने, "झाऽऽलं. पुढच्या बाईसाहेब."

मावशीचा घास हातातच राहिला. "परत कर."

"बाईसाहेबवालं?"

"शेवटचं. थेंबानंतरचं."

"फूऽऽ," भाची म्हणाली.

"हे त्यांनी केलं? की तू घातलंस पदरचं?"

भाचीचा चेहरा पडला. तिच्यावर कुणी कसलाही आळ घ्यावा, पण पदरचं घातल्याचा नाही. "मी घालत नाही. जेवढं असतं तेवढंच करते. सहाही वेळा फुंकलं त्यांनी. सहाव्या वेळी जरा जोरात."

"आणि थेंब? टप् आवाज आला की टिप्?"

"टप्. टिप् कुठला, चांगला हातभर उंचावरून टाकत होते."

मावशी उठली, हात धुतले आणि परत येऊन बसली. भाचीला तिने ते असं समजावलं. रक्ताच्या एका थेंबात हजारो पेशी. तिथे उंचावरून थेंब टाकतात, वर फुंकर मारतात, म्हणजे पसरतात छान. दहावीस फुटून इकडेतिकडे झाल्या तरी बिघडत नाही, नीट पसरलेली एक निवडायची आणि मोजायची. ती तिथली रीतच आहे. पण स्लाइडवर बीज एकच. शाळेच्या मैदानात चार पोरं उठून गेली तर कळतही नाही. इथे फुंकर घातली की आहे त्याच घरातली माणसं उडाली. काकांनी गोलात राहिलेली मोजली, अगदी बरोबर मोजली, आणि उडालेली बाईच्या नावावर टाकली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मावशी म्हणाली.

"मग आता?"

"आता काय. आठ उडालीत. एक, दोन, तीन, एक आणि एक. ती स्लाइडवरच आहेत कुठेतरी. गोलाबाहेर. शोधायची."

भाचीला हे काही पटेना. "मावशी, डोळ्याला दिसत नाही अशी वस्तू फुंकरीने उडाली, ती काय कडेला बसून तुझी वाट बघेल? कधीच केरात गेली असेल."

"ओली होती. ओलं उडालं तरी लांब जात नाही, चिकटतं."

"एकसुद्धा सापडणार नाही. लाव पैज."

"आठातली पाच सापडली तर मी जिंकले. तू हरलीस तर?"

"मी हरत नाही. तू हरलीस तर दोन महिने मोठ्याने मोजायचं बंद. पायऱ्या नाहीत, वाटाणे नाहीत, बसमधली माणसं नाहीत. मला कॉलेजच्या मुलींसमोर लाज वाटते."

हा घाव वर्मी होता. मावशीने क्षणभर विचार केला आणि तोडीस तोड मागितलं. "आणि तू हरलीस तर दोन महिने तुझ्या तोंडातून फक्त तुझाच आवाज निघेल."

भाचीने हात पुढे केला. तिने नकला थांबवाव्यात म्हणून जन्मात कुणी अशी पैज लावली नव्हती तिच्याशी.

बुधवारी सकाळी काका आधीच येऊन बसले होते. त्यांचं तात्पुरतं काम संपलं होतं, पण टेबल पुसून, बाटल्या ओळीने लावून मगच जायचं हा त्यांचा शिरस्ता. मावशीने दोन कप चहा आणला. एक त्यांच्यापुढे ठेवला आणि बघत राहिली. काकांनी कप उचलला, ओठ गोल केले आणि 'फूऽऽ'.

"काका," मावशी म्हणाली, "स्लाइडवर पण अशीच घालता का?"

"कशावर? हां. घालतो की. अठरा वर्षं घालतोय." मग त्यांनी मावशीच्या हातातला सतरा नंबरचा ट्रे पाहिला आणि कप खाली ठेवला. सांगावं लागलंच नाही. कामाचा माणूस होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे देवा. एकच पेशी असते हो यात."

"एकच."

"मी त्या बाईला..." ते खुर्चीवरून उठले. म्हणाले, "मी स्वतः जाऊन सांगतो डॉक्टरांना."

"सांगाल नंतर. सांगून काय, उडालेली परत येणार आहेत? आधी शोधायला लागू. तुमच्याकडे दोन तोंडांचा मायक्रोस्कोप आहे ना, एकाच स्लाइडवर दोघांना बघता येतं तो? तो आणा वर."

मग दोघं समोरासमोर बसली. शोधायची रीत म्हणजे शेत नांगरावं तशी. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, बोटभर नाही, केसभर खाली उतरायचं आणि उलट यायचं. एक वीतही लांब नाही ती काच, पण त्या भिंगाखाली ती गावाएवढी होते. धूळ दिसली. चादरीचा एक निळा धागा दिसला, धुलाईखात्याची भेट. एक बोटाचा ठसा दिसला, तो काकांचा होता, त्यावर ते पुन्हा लाल झाले.

पहिल्या स्लाइडचं गेलेलं सव्वानऊला सापडलं, गोलाच्या ओरखड्याला अगदी चिकटून, बाहेरच्या अंगाला. काखेत कळसा. दुसऱ्या स्लाइडची दोन एकमेकांजवळ होती. "पळाली तीही जोडीने," काका म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज माणसात आला. चौथ्या स्लाइडची तीन म्हणजे फार छळ झाला. दोन मिळाली आणि तिसऱ्याचा पत्ता नाही. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी मावशीला एक अर्धा चिमटा दिसला आणि जरा पुढे दुसरा अर्धा. अर्धा आणि अर्धा मिळून एकच, पण तुकडे झालेत हे तिने पेन्सिलीने बाजूला नोंदवलं. पाचव्याचं काकांना सापडलं. "ताई, वर उजवीकडे. नाही, माझ्या उजवीकडे. ते बघा." ते इतक्या हळू बोलत होते की जणू आवाजानेही ते उडालं असतं. त्यांनी नाकावर रुमाल बांधला होता. सकाळपासून श्वाससुद्धा ते स्लाइडकडे पाठ करून सोडत होते.

मग मावशीने तिसरी स्लाइड घेतली.

"ही कशाला?" काका म्हणाले. "ही एवढीच तर पूर्ण आहे. तेवीस."

"गोलात तेवीस. गोलाबाहेर कोण आहे ते बघू."

गोलाबाहेर, खालच्या कोपऱ्याकडे, एक होतं. ठसठशीत, नीट रंगलेलं. कुणाचं हरवलं नव्हतं असं. चोविसावं.

काकांनी डोळे भिंगावरून काढले. "म्हणजे मी चांगल्यांना वाईट म्हटलं आणि जे एक खरंच चुकलेलं होतं त्याला चांगलं."

"खोलीबाहेर जाऊन एकदा हसून या," मावशी म्हणाली. "इथे नको, हवा हलते."

सहाव्या स्लाइडचं मात्र सापडलं नाही. तीच ती, जिच्यावर जोरात फुंकर बसली होती. दोनदा नांगरली, उभी आणि आडवी. काका म्हणाले, "लिहून टाका तेवीस. बाकीच्यांचं सापडलं म्हणजे हिचंही असणारच."

"असणार आणि आहे यात माझी नोकरी आहे," मावशी म्हणाली, आणि सहाव्यापुढे लिहिलं: सांगता येत नाही.

मग नवा कागद. चार बीजं पूर्ण तेवीस. एकात चोवीस. एक अनिर्णित. आणि खालच्या ओळीत, जे मावशीने दिवसभर प्रत्येक गोलात शोधलं होतं आणि मिळालं नव्हतं ते: एकाही बीजात शुक्राणूचा मागमूस नाही. म्हणजे यजमान घरात तयार बसले होते आणि पाहुणा उंबऱ्याबाहेरच राहिला होता. त्याला उपाय होता. वाटीत सोडून वाट बघण्याऐवजी सुईने एकेक शुक्राणू थेट बीजात सोडायचा. 'मोजणी पुन्हा का केली' या रकान्यात तिने लिहिलं: स्लाइड तयार करताना गुणसूत्रं गोलाबाहेर पसरली. कुणाच्या फुंकरीने, त्याला रकाना नव्हता. खाली तिने सही केली आणि पेन काकांपुढे धरलं. "पाचव्याचं तुम्ही शोधलंत. करा."

काकांनी सही केली. नंतर ते स्वतः जाऊन मुद्देसाहेबांना सगळं सांगून आलेच. आत गेले तेव्हा घाम पुसत होते, बाहेर आले तेव्हाही. "काय म्हणाले?" मावशीने विचारलं. "मुद्दा असा आहे की, म्हणाले. पुढचं अजून म्हणतायत."

गुरुवारी पावणेअकराला मावशीला पुढच्या इमारतीत डब्या आणायला जायचं होतं. वाट त्या बाकावरून जाते जिथे बोलावलेली जोडपी बसतात. कोपऱ्यावर येऊन ती थांबली. बाकावर दोघं असणार. वळून बघितलं असतं तर छत्तीस वर्षांची एक बाई दिसली असती, तिचा चेहरा, हातातली पिशवी, नवऱ्याचा हात. मावशीला बघावंसं वाटलं नाही असं नाही. पण चेहरा कळला की पुढच्या वेळी तिच्या बीजात तेवीस दिसावीत असं वाटणार, आणि वाटलं की दिसणार. ती मागे वळली आणि धुलाईखात्यातून, ओल्या चादरींच्या गाड्यांमधून, लांबचा वळसा घालून गेली. इमारतीतल्या बायका जिच्या नजरेला भितात ती बाई ही अशी.

घरी मात्र बुधवारीच तिने भाचीपुढे सात बोटं नाचवली होती.

"अर्धे तुकडे धरायचे नाहीत," भाची म्हणाली.

"मग सहा. पैज पाचाची होती."

"काकांनी शोधलेलं धरायचं नाही."

"मग पाच."

भाचीने शेवटचा डाव टाकला. ज्या 'फू'ने मावशीला वाट सापडली ती तिचीच, हे तिने मांडून पाहिलं. मावशी म्हणाली, "त्याबद्दल आभार आहेत. मूक आभार. आजपासून दोन महिने."

ते दोन महिने कसे गेले ते घरच्या भांड्यांना विचारावं. दुकानवाल्या काकूंनी त्या काळात तीन नव्या वदंता काढल्या. लिफ्ट दुरुस्त झाली, चार दिवस वर जाताना म्हातारीसारखी कण्हली आणि बंद पडली. भाची सगळं गिळत होती. तिचे गाल सुजल्यासारखे दिसायला लागले. मावशी मात्र चोपन्न पायऱ्या खड्या आवाजात मोजत वर यायची.

मुदत संपायला पाच दिवस उरले होते तेव्हा दारावर थाप पडली. मुद्देसाहेब. चोपन्न पायऱ्या चढून त्यांचा चष्मा कपाळावर गेला होता. मावशीने चपला मोजल्या, एक जोड, आणि तिसरं ताट घेतलं. भाची त्यांच्या बरोबर समोर बसली. हातभर अंतर.

"ताई, मुद्दा असा आहे," असं म्हणून त्यांनी पाणी प्यायलं. "म्हणजे उद्या सांगता आलं असतं. पण मुद्दा म्हणजे, वाटेवर घर होतं. म्हणजे बघा, अगदी वाटेवर नाही."

भाचीने टेबलाखाली स्वतःच्याच पायावर पाय दिला.

"सतरा," ते म्हणाले. "या वेळी सुई वापरली. आठ बीजं मिळाली. मुद्दा असा आहे ताई, की पाच फळली."

मावशीचा चमचा भातात थांबला. "पाच," ती म्हणाली.

"पाच. पुढचं अजून काही सांगता येत नाही. पण ते बाहेर बाकावर बसले होते ना दोघं, त्यांना सांगितलं तर ती बाई, मुद्दा म्हणजे, ती बाई मलाच म्हणाली, बसा, पाणी घ्या." आणि डॉक्टर आपल्याच हसण्याने ठसकले. एक लांब, चढत जाणारा, शेवटी शिट्टीत संपणारा ठसका, असा की कुठल्याही कानाला तो जन्मात एकदाच मिळावा.

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाचीने घास तोंडात कोंबला, आणि त्यावर दुसरा.

"हिला काय झालंय?" डॉक्टरांनी विचारलं. "इतकी शांत मुलगी आजकाल बघायला मिळत नाही."

"तीच मोजतेय," मावशी म्हणाली. "पाच दिवस राहिलेत."

पैज तोंडाची लागली होती. हाताबद्दल काही ठरलं नव्हतं. डॉक्टर जिना उतरेपर्यंत मी वही काढली, आणि तो ठसका कानातून जाण्याआधी जेवढं जमलं तेवढं उतरवून घेतलं.